देव भिंतीवर टांगायला नाहीत

थोरला मुलगा कॅनडाहून आला आणि दुसऱ्याच दिवशी देवघराचे फोटो काढू लागला. मला बरं वाटलं. मग म्हणाला, आई, हे टाक मी घेऊन जातो, काचेच्या फ्रेममध्ये हॉलमध्ये लावणार.

टाक म्हणजे चांदीचे छोटे पत्रे, त्यांवर देव उठवलेले. आमचे खंडोबा, भवानी आणि घरातले पूर्वज. फौजेबरोबर माळव्यात आलेल्या कोणा पूर्वजानं ते कंबरेला बांधून आणले, असं सासूबाई सांगायच्या. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. मी लग्न होऊन देवासला आले तेव्हापासून टाकांना रोज आंघोळ घालते, सणाला चिंचेनं घासते. घासून घासून खंडोबाच्या घोड्याचं तोंड गेलं आहे.

ह्यालाच थोरल्याची हरकत. घासू नकोस, जुनी वस्तू खराब होते. वरून लेप दिला की पुन्हा हात लावायला नको.

"आणि आंघोळ?" मी विचारलं.

"तिकडे कोणाला वेळ आहे, आई? आणि टाक थोरल्याकडेच जातात. ही तुमचीच रीत."

रीत बरी आठवली. तो तिकडे काय खातो, त्यानं कोणाशी लग्न केलं, मी कधी बोलले नाही. सून गोरी आहे, चांगली आहे. तिनं पाठवलेले बूट घालून मी टेकडीवर देवीला जाते. बायका हसतात, हसू देत. पण बिनआंघोळीचे, उपाशी देव भिंतीवर टांगायला मी द्यायची नाही. तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, तू गेल्यावर कोण बघणार?

तो मित्रांकडे इंदूरला गेला त्या दिवशी मी टाक फडक्यात बांधून कंबरेला खोचले आणि बसनं धारला लेकीकडे गेले. लेक शाळेत शिकवते, जीन्स घालून स्कूटीवर हिंडते, मराठी वाचताना अडखळते. पण पूजा झाल्याशिवाय चहा पीत नाही. तरी टाक बघून घाबरली. माहेरचे देव सासरी कोणी आणतं का, म्हणाली, आणि सासूकडे बघू लागली.

विहीणबाई मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी जुडी संपवली, मग विचारलं,

"आमच्या देवांना चालेल का?"

"नाही चाललं तर भांडतील. तुम्ही-आम्ही लग्नात कमी भांडलो?"

त्या हसल्या नाहीत. "नैवेद्य एकच होईल," म्हणाल्या. "दोन स्वयंपाक मी करणार नाही."

"एकच करा."

लेकीनं देव्हाऱ्यातला पाट सरकवला.

संध्याकाळी थोरल्याचा फोन आला. टाक कुठे आहेत ते सांगितलं.

"रीत मोडलीस, आई."

"मोडली," मी म्हणाले. "तुला देव हवे असतील तर इथे ये, आंघोळ करून. घासायला चिंच मी देईन."