बिरजाबाईंचा डावा हात

देवरीहून चिचगडची बस सुटली तेव्हा मांडीवर कॅमेऱ्याची बॅग होती आणि बॅगेत एक जुनं कॅलेंडर. बारा वर्षांपूर्वी याच रस्त्याने येऊन मी बिरजाबाईंच्या हातांवरचं गोंदण टिपलं होतं. ते चमकावं म्हणून त्यांना हातांना तेल चोळायला लावलं, एका बाजूने कडक फ्लॅश मारला आणि चेहरा काळोखात बुडवला. कॅलेंडरवर फक्त हात आले. माझं कौतुक झालं. ‘फोटो आणून देतो’ हा शब्द मी पाळला नाही. पन्नाशी उलटल्यावर अशा गोष्टी फार टोचतात.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये (भातखाचरांत) पुंजणे (धानाचे रचलेले ढीग) उभे होते आणि त्यामागे जंगलाची निळसर रेघ.

चिचगडच्या अलीकडे उतरलो. अंगणात बिरजाबाई सुपाने धान पाखडत होत्या. केस पार पांढरे झाले होते. मी नाव सांगितलं.

“तेलवाला होय ना तू?” त्या म्हणाल्या. “आता कायले आला?”

मी कॅलेंडर पुढे केलं. चेहरा झाकल्याची माफी मागायची, हे बसमध्ये घोकून ठेवलं होतं. त्यांनी ते पान लांब धरलं, जवळ आणलं आणि माझ्या हातात परत दिलं.

“हे हात माहे नाही.”

“तुमचेच आहेत, बाई. मीच काढलाय फोटो.”

“माहे कसे? हा विंचू माह्या मायनं डाव्या हातावर गोंदला, लगनाच्या आधी. उजवा हात सासरचा, त्याच्यावर फुलं. तू तं माहं माहेर उजवीकडं नेऊन ठेवलं!”

मी नीट पाहिलं. विंचू उजव्या हातावर होता. तारखांना जागा हवी म्हणून मी फोटो आरशातल्यासारखा उलटवला होता. एका क्लिकचं काम. बारा वर्षं मी चेहऱ्याचा अपराध उराशी घेऊन होतो, आणि हा अपराध मला आठवतही नव्हता.

“चूक झाली,” एवढंच म्हणालो. “पुन्हा काढू द्याल?”

“आधी जेव.”

भात, लाखोळीची डाळ, वर सांबार (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात).

जेवण झाल्यावर, त्यांनी नाही म्हटलं नाही एवढ्या भरवशावर, मी ओसरीत प्रकाशासाठीची पांढरी छत्री उघडली.

“काऊन उघडून राहिले जी?” त्यांची सून म्हणाली. “घरात पाणी पडते का?”

तेवढ्यात वारा आला आणि छत्री थेट शेणाच्या पाटीत जाऊन पडली. सासू-सुना पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो आणि छत्रीचा नाद सोडला.

ओसरीच्या कडेला दुपारचा मऊ उजेड होता. सुनेला पांढरी चादर धरायला सांगितली. चादरीवरून उजेड परतला, बिरजाबाईंच्या सुरकुत्यांत शिरला, हातांवर सारखा पसरला. तेलाची गरज तेव्हाही नव्हती. कसं बसायचं, हे या वेळी मी त्यांनाच विचारलं.

“अशी.” त्यांनी मांडी घातली, डावा हात उजव्या मनगटावर ठेवला. “मायचा वर राहू दे.”

निघताना म्हणाल्या, “पोस्टानं नको धाडू. तूच ये. पाहतो मी, येतं का.”

गोंदियाच्या स्टुडिओत दुकानदार पडद्याकडे पाहत म्हणाला, “सर, फ्लिप कर दूँ? और अच्छा लगेगा.”

खरं सांगतो, उलटवला तर दिसलाही असता. क्षणभर मीही तसंच पाहिलं. मग म्हणालो, “नको. जसा आहे तसाच.”

घरी, नागपूरला जायच्या गाडीचं तिकीट खिशात होतं. ते खिशातच राहू दिलं आणि देवरीची बस धरली.

बिरजाबाईंनी फोटो छातीशी, माझ्याकडे तोंड करून धरला आणि मान वाकवून विंचवाशी विंचू जुळवून पाहिला. डाव्याशी डावा. मग आत सुनेला हाक मारली, “पाह्य वो, आला तेलवाला! भात टाक.”

घरी मी एक दिवस उशिरा पोचलो. त्यांच्याकडे बारा वर्षं उशिरा पोचलो होतो, पण पोचलो.