खिडकीच्या अलीकडे मावशी

माझी मावशी नगरपालिकेत मृत्यूची नोंद करते. लोक पाठीमागे तिला ‘शेवटची सही’ म्हणतात आणि तिला ते ठाऊक आहे. तिची एक खोड आहे. अर्ज भरून, डॉक्टरांचा दाखला जोडून दिला, की ती नोंद मोठ्याने वाचून दाखवते. नाव, वय, धंदा, कधी गेले, कुठे गेले. मग थांबते. समोरचा ‘बरोबर’ म्हणाला तरच शिक्का. नियमात असलं काही नाही. साहेब रांगेकडे बघून कुरकुरले, की म्हणते, “घरचं कुणी तोंडाने म्हणेपर्यंत माणूस दारातच घुटमळतो, साहेब. त्याला नीट जाऊ द्यावं.”

आम्ही भाचरं यावर खूप हसायचो.

मग मावशीचे यजमान, आमचे काका, गेले. घराच्या मागच्या खोलीत ते कुलपं दुरुस्त करायचे, किल्ल्या घडवायचे. हात सोन्याचा, जीभ कारल्याची. चहा गार, मीठ कमी, पडदा वाकडा. मावशीचं काही बरोबर आहे, असं त्यांच्या तोंडून निघालेलं मी कधी ऐकलं नाही. तरी ती त्यांच्यावर जीव टाकायची. मला त्यांचा रागच यायचा, अजूनही येतो.

आणि गावाच्या नोंदी करणाऱ्या बाईने नवऱ्याचीच नोंद केली नाही. दाखला कपाटात पडून. “उद्या बघू,” म्हणायची. मुदत संपत आली. तिचं जेवणही सुटलं, म्हणून मी तिच्याकडे राहायला गेले.

पहिल्याच दिवशी दिवेलागणीला मागच्या खोलीतून कानस घासल्याचा आवाज आला. खर्र, खर्र. मग फुंकर. पुन्हा खर्र. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. उंदीर असणार, म्हणत मी तावातावाने दार उघडलं. आवाज थांबला. खोलीत कुणी नव्हतं. सकाळी मीच झाडलेल्या फरशीवर पितळेचा ताजा भुगा पडला होता. पकडीत एक अर्धवट किल्ली होती. हात लावला तर गरम. मी झटकन हात मागे घेतला.

मावशी माझ्या मागे चहाचा कप घेऊन उभी होती. तिने तो शांतपणे टेबलावर ठेवला.

“नोंद केली की जातील गं ते,” ती म्हणाली. “मग मी भांडू कुणाशी?”

“आणि नाही केलीस तर तूही जाशील त्यांच्या मागे! आरशात बघ जरा स्वतःला,” मी ओरडले. “दुसऱ्यांना सांगतेस ना, जाऊ द्यावं म्हणून?”

ती वळून आत गेली. रात्रभर स्वयंपाकघरात बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी कचेरी बंद व्हायच्या सुमाराला आम्ही गेलो. मावशी पहिल्यांदाच खिडकीच्या अलीकडे उभी राहिली. अर्ज तिने स्वतःच्या हाताने भरला. पलीकडे तिच्या खुर्चीवर शेजारच्या टेबलाचे कारकून बसले होते. तिचा मान राखायचा म्हणून त्यांनी तिच्यासारखंच सगळं मोठ्याने वाचलं. धंदा, कुलपं दुरुस्ती. ठिकाण, राहतं घर. मग ते थांबले.

“बरोबर ना, ताई?”

मावशीचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. मी तिचा हात धरला, तो थंडगार होता. कारकून खाली बघत राहिले. मीच म्हणून टाकावं, असं वाटलं, पण माझीही जीभ उचलेना. आमच्यामागचा व्हरांडा रिकामा होता. तिथून मशीनच्या तेलाचा वास आला. कुणीतरी खाकरलं. मग फुंकर मारल्याचा आवाज आला.

“बरोबर.”

कारकुनांच्या हातातलं पेन खाली पडलं. मावशी मागे वळली नाही. तिचे डोळे मात्र घळाघळा वाहत होते.

“जन्मभर हा शब्द जिभेवर आला नाही तुमच्या,” ती म्हणाली. “आत्ता सुचलं होय?”

आणि तिने सही केली.