दोन सीटांची गाडी

माझा भाऊ हुशार आहे, हे मी आजही कबूल करते. हुशार माणूस मूर्खपणा करतो तेव्हा तो पूर्ण विचारांती करतो, म्हणून त्याची जास्त चीड येते.

आमचं गाव शिरगावपासून फार लांब नाही, समुद्राला लागूनच. नवरा गेला तेव्हा त्याचा मासळीचा टेम्पो मी चालवायला घेतला. सकाळी मासळी आणि बर्फ भरून पालघर, तिथून बोईसर. त्यानंतर वर्षभरात बाबाचं कमरेखालचं अंग गेलं आणि मी त्याला माझ्या घरी आणलं. या गोष्टीला तीन वर्षं झाली. चाळीस वर्षं बोट हाकणारा माणूस, आता त्याला खाटेवरून उतरवायलाही मीच लागते. भाऊ बोईसरला राहतो, तारापूरच्या कारखान्यांत फॅब्रिकेशनची कंत्राटं घेतो. दर रविवारी फोन करतो. न चुकता करतो, तेवढं त्याच्या पदरात टाकते.

बाबाची एकच इच्छा होती, नारळी पुनवेला स्वतःच्या हाताने दर्याला नारळ द्यायची. पहिल्या वर्षी आम्ही त्याला टेम्पोच्या मागे खुर्ची ठेवून नेलं, कारण केबिन उंच, तिथं तो चढू शकत नाही. वाटेत जो भेटेल तो मान वर करून बघत होता. घरी आल्यावर बाबा म्हणाला, "मी काय बोंबलाचं टोपलं हाय?" पुढची दोन वर्षं तो गेलाच नाही. दारात बसून लांबून वाजंत्री ऐकायचा आणि मला म्हणायचा, तू जा.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात भाऊ फोनवर म्हणाला, "ताय, पुनवेच्या आधी मी गाडी घेतो. बाबाला गाडीतनं नेऊ," तेव्हा मी खरंच हरखले. बाबाला सांगितलं. बाबाने त्याच दिवशी न्हाव्याला बोलवा म्हणून घोषा लावला. पुनव तीन महिने लांब होती.

मग सुरू झाली तुलना. भावाच्या मनात दोन गाड्या होत्या. एक हॅचबॅक, दिसायला घरगुती, पाच दारांची, पण आत दांडगं टर्बो इंजिन. दुसरी वरून उघडी, बुटकी, दोन माणसांची, मुंबईतल्या कुणा शौकिनाने वापरून काढलेली रोडस्टर. दर रविवारच्या फोनात पाच मिनिटं बाबाची आणि पाऊण तास गाड्यांचा. "ताय, हॅचबॅक ताकदीवर पळते. ही हलकी हाय म्हणून पळते." "ताय, तिला पुढची चाकं ओढतात, हिला मागची ढकलतात." मी म्हणायची, बाबा कुठं बसणार ते सांग. तो म्हणायचा, ते बघू की.

मी रोज गाडी चालवते म्हणून माझंही मत पाहिजे, असं म्हणून त्याने मला दोन्ही गाड्या चालवायला दिल्या. हॅचबॅक मी बोईसर-तारापूर रस्त्यावर चालवली. पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते. स्प्रिंगा इतक्या कडक की रस्त्यातला खड्डा अन् खड्डा मणक्याला नाव सांगून जातो. पण मागचं दार चांगलं रुंद उघडत होतं. सीट बाबाच्या चाकाच्या खुर्चीइतकीच उंच, म्हणजे त्याला सरळ सरकवता येईल अशी. डिकीत घडीची खुर्ची मावत होती. मी तिथल्या तिथं सांगितलं, हीच घे.

रोडस्टरमध्ये बसायचं म्हणजे जमिनीवरच्या पाटावर बसून पाय पुढे पसरायचे. बाजूने ट्रक गेला तर त्याची चाकं आपल्या डोक्याच्या वर. डिकीत दोन कोबी मावतील. आता खोटं कशाला बोलू, वाणगावच्या वाटेवर एका वळणावर मी स्टेअरिंग जरासं फिरवलं आणि गाडी अशी वळली की मला हसू फुटलं. जन्मभर टेम्पो ओढलेल्या बाईला ते सुख माहीत नव्हतं. मी दुसऱ्या वळणावर मुद्दाम वेग वाढवला. तरी उतरल्यावर सांगितलं, ही नको. यात बाबा बसला तर निघणार कसा?

पुनवेच्या आदल्या दिवशी दारात हॉर्न वाजला. बाहेर आले तर लाल रोडस्टर. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "तीन महिने तू काय तोललंस?" तो म्हणाला, "ताय, बाबा आयुष्यभर उघड्यावर बसला. त्याला डब्यात कशाला कोंबायचं?" उत्तर तयार होतं त्याचं. मला राग याचाच आला की ते उत्तर वाईट नव्हतं. त्याहून राग याचा आला की बाबा खाटेवरून गाडीकडे बघून हसत होता.

दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. बाबाला मी आणि शेजारच्या दोघांनी मिळून त्या सीटमध्ये उतरवलं. डोक्याला टोपी, मांडीवर सोनेरी कागदातला नारळ. शेजारी भाऊ बसला. गाडी भरली. तीन वर्षं मी त्याचं अंग पुसलं आणि आज मिरवायच्या दिवशी मी मागून टेम्पोत. हे मनाला लागलं, आणि लागलं ते लागलं, मोठेपणा दाखवण्यात अर्थ नाही.

आमच्या गावात एक रीत आहे. नवी होडी असो नाहीतर नवं जाळं, पुनवेला दर्याला दाखवल्याशिवाय वापरात काढायचं नाही. किनाऱ्यावर पोचलो तर लोकांनी भावाला घेरलं. "ने खाली, दाखव दर्याला." भाऊ कारखान्यांत कितीही वावरला तरी नाखव्याचाच पोर. त्याने गाडी उतारावरून ओल्या वाळूत घातली. मी टेम्पोतून ओरडले, पक्क्यावरच थांब. वाजंत्रीत कोण ऐकतंय. होडी पाण्याला भिडवतात तशी त्याने ती पार लाटेच्या जवळ नेली आणि थांबवली. परत निघायला गेला तर मागची चाकं जागच्या जागी फिरली, वाळू उडाली आणि गाडीचं पोट खाली टेकलं. भरती लागली होती.

मी धावत पोचले तेव्हा पहिली लाट टायरला लागून गेली होती. माणसं दोर आणायला पळाली. एक जण म्हणाला, आधी म्हाताऱ्याला काढा, गाडी हलकी करा. भाऊ वाकला. त्याने बाबाच्या काखेत हात घातले आणि ओढलं. बाबा कळवळला. भावाने परत ओढलं, आता पाय डॅशबोर्डखाली अडकले. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या गाडीचं वजन त्याला तोंडपाठ होतं, कुठल्या चाकावर किती येतं तेसुद्धा. बापाला कुठं धरायचं ते ठाऊक नव्हतं.

"बाजूला हो," मी म्हटलं.

पाय आधी सोडवले. त्याला तिरका करून दाराच्या कडेवर बसवलं. मग पाठ करून बसले, नारळासकट त्याचे हात माझ्या गळ्यात घेतले आणि पाठंगुळीला घेऊन उठले. वरती पक्की वाळू होती. खाली दहा पावलांवर पाणी होतं. मी खाली गेले.

पाणी माझ्या गुडघ्याच्या वर आलं, तेव्हा बाबाच्या पायांनाही लागलं. त्याला ते कळत नाही. त्याने खांद्यावरून वाकून बघितलं, पाय पाण्यात आहेत याची खात्री करून घेतली, आणि मग नारळ सोडला. माझ्या गळ्यापुढेच दर्याला हात जोडले. मग विचारलं, "जड हाय काय गो मी?"

"नाय," मी म्हटलं. खोटं नव्हतं. रोज उचलत होते म्हणून ध्यानात आलं नव्हतं, बाबा पार अर्धा झाला होता. मला तिथं पाण्यात उभ्या उभ्या रडू आलं.

मागे दहा-बारा जणांनी दोर बांधून, होडी ओढताना देतात त्याच हाका देत ती गाडी वर काढली. हलकी होती म्हणूनच निघाली, हे मला मान्य करावं लागतं. हॅचबॅक असती तर भरतीने घेतली असती. भाऊ मात्र दोराकडे गेलाच नाही. गुडघाभर भिजून माझ्या मागे उभा होता. "ताय, मला दे. कसं घ्यायचं ते सांग."

मी सांगितलं. हात कुठं, गुडघा कुठं, आधी श्वास घे. तो बाबाला घेऊन चालू लागला. पक्क्या वाळूवर पोचेपर्यंत त्याला धाप लागली. टेम्पोला टेकून तो थांबला, बाबा अजून त्याच्या पाठीवर.

"ताय, तू हे रोज..." तो म्हणाला.

"दिवसातनं चार वेळा," मी म्हटलं.