नकाशावरचं पाचवं बोट

"पुसायचं नाही! नो वायपिंग! हजबंड अलाइव्ह!"

आई कौन्सिलच्या काउंटरवर हात आपटून ओरडली. आवाज असा, की तिकडे शंभर मैलांवरच्या स्लाऊ गावातल्या वेअरहाउसमधल्या फोर्कलिफ्टसुद्धा जागच्या जागी थांबल्या असणार. काउंटरमागच्या बाईंच्या हातातला ओला टिश्यू हवेतच राहिला.

झालं होतं असं. ब्रिस्टलबाहेरच्या आमच्या खेड्यातून बस स्टॉपला जाणारी शेतातली पायवाट नव्या मालकाने तारा ठोकून बंद केली. दुसरा रस्ता मोटारींचा, फूटपाथ नसलेला. त्यावर ससेसुद्धा मृत्युपत्र करून मगच उतरतात. आई कार चालवत नाही. वाट गेली की तिची बस गेली, आणि बसबरोबर बाजार, लायब्ररी, मैत्रिणी सगळंच. उरलो बाबा आणि मी. एवढी शिक्षा कुणालाच नको.

"ही वाट पूर्वीपासून सगळ्यांची होती याचा जुना पुरावा आणा," कौन्सिलने कळवलं. मी जुन्या पुस्तकांची सोळाशे दुकानं पालथी घातली, बरं, तीन, आणि पणजोबांच्या वयाचा नकाशा मिळवला. टेकड्यांच्या तपकिरी रेषा, ओढा, आणि ओढा ओलांडून जाणारी आमची वाट, मुंग्यांच्या रांगेसारखी टिंबाटिंबांची.

निघताना आईने त्याला कुंकू लावलं. नवी कार असो, फ्रीज असो, ती लावतेच. चार कोपऱ्यांना चार बोटं, आणि पाचवं, ओलं, भरघोस, नेमकं ओढ्यावर. वाट तिथेच बुडाली.

"आई, त्यांना तो डाग वाटतोय."

"डाग? तुझे बाबा घरी क्रिकेट बघत बसलेत आणि ही माझ्यादेखत कुंकू पुसणार? दुसरं काहीतरी कर म्हणावं तिला!"

मी बाईंना बजावलं, की मागे एकाने असंच पुसलं, तर त्याच्या अख्ख्या गल्लीतले बॉयलर बंद पडले. बाई हसल्या नाहीत, पण टिश्यू खाली ठेवला. नकाशा उचलून त्यांनी खिडकीच्या काचेला लावला. उजेडात त्या लाल गोळ्याआडून काळी टिंबं दिसली, एकामागून एक, थेट ओढ्यापलीकडे.

"पुरावा चांगला आहे," वाट खुली करण्याचा आमचा अर्ज ठेवून घेत त्या म्हणाल्या. "पण रांग मोठी आहे. निकालाला काही वर्षं लागतील."

मी एक्याऐंशी वर्षांच्या आईला ते दबकत मराठीत सांगितलं.

"लागू देत," आई म्हणाली. "मी आहे."