विमान मी उतरवलं नव्हतं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. ती एवढंच म्हणाली, "ये. हे गेले..." दादाला जाऊन आता दोन महिने होत आले. त्या दिवसांत धायरीच्या घरी भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, केवढा मोठा पायलट, किती माणसं सुखरूप पोचवली त्याने. वहिनी आणि मी एकमेकींकडे बघायचं टाळायचो. हे वाक्य दादाला जिवंतपणी सोसत नसे, हे घरात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

आमचे आबा पुण्याजवळच्या धायरीतले शेतकरी. मुलगा वैमानिक झाल्याचं त्यांना इतकं अप्रूप, की वावरात उभे राहून आभाळातलं कुठलंही विमान दाखवत, "आमचा हाय त्यात." दादा हसायचा. "आबा, मी फक्त बटणं दाबतो. विमान आपलं आपण जातं." ते बरंचसं खरंच होतं. वर गेल्यावर विमान यंत्राच्या स्वाधीन करायचं आणि उतरताना अगदी शेवटी हातात घ्यायचं, ही त्याची वर्षानुवर्षांची सवय. नव्या वैमानिकांनाही तो बजावायचा, "मध्ये हात घालू नका. ते तुमच्यापेक्षा हुशार आहे."

आणि काही वर्षांपूर्वी एका दुपारी तो विमानतळावरून थेट माझ्या विश्रांतवाडीच्या घरी आला. गणवेशातच. समोर ठेवलेल्या चहाला हातही न लावता सांगायला लागला. दक्षिणेतल्या एका लहान विमानतळावर उतरायचं होतं. तिथली वाट दाखवणारी यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणजे नजरेच्या अंदाजाने उतरायचं. "तरुणपणी मी हे रोज करायचो, सुमे. आज वेग यंत्र सांभाळतंय असं धरून चाललो, आणि ते काम मी त्याला सोपवलंच नव्हतं. वेग उतरत गेला. नसरीन म्हणाली, सर, वेग कमी होतोय. पुन्हा म्हणाली. धावपट्टी समोर दिसत होती, आणि मी स्क्रीनकडे बघत बसलो. हातांना काही सुचेचना..."

नसरीन ही त्याची सहवैमानिक, पुण्यातलीच, वयाने त्याच्या लेकीसारखी. "विमान मी घेते, सर," म्हणत तिने नियंत्रण हातात घेतलं, विमान पुन्हा वर नेलं आणि एक फेरी मारून नीट उतरवलं. प्रवाशांना नुसता हिसका जाणवला.

"मग प्रवासी उतरताना नेहमीसारखा विमानाच्या दारात उभा राहिलो," दादा जमिनीकडे बघत म्हणाला. "एका म्हातारीने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, बाळा, तुझ्या हाताला यश आहे. नसरीन मागेच उभी होती. आजी, विमान मी उतरवलं नव्हतं... एवढं वाक्य मला बोलता आलं नाही." मी म्हणाले, "जाऊ दे ना, सगळे वाचले." एवढ्या उंचापुऱ्या माणसाला असं आक्रसून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याने स्वतःच कंपनीला सगळं कळवलं. कॅप्टन असून पुन्हा नवशिक्यांच्या रांगेत प्रशिक्षणाला बसला. "गप्प राहिला असतास तर कुणाला कळलं असतं?" असं एका सहकाऱ्याने विचारलं, तर म्हणाला, "मला." त्यानंतर हवा स्वच्छ असली की मुद्दाम हाताने विमान उतरवायचा. पण लाज काही गेली नाही. लग्नकार्यात कुणी "कॅप्टनसाहेब" म्हणून ओळख करून दिली की पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचा.

दहाव्यानंतर नसरीन भेटायला आली. आता तीही कॅप्टन आहे, नव्या मुलांना शिकवते. घरात नातेवाईक बसले होते. ती वहिनीला म्हणाली, "काकू, सरांनी सांगितलं होतं, माझी चूक मुलांना सांग, आणि नाव घेऊन सांग. मी 'एक कॅप्टन' एवढंच म्हणते. नाव घ्यायला जीभ रेटत नाही. तुम्ही नको म्हणालात तर तसंच ठेवीन."

आमचे काका पुटपुटले, "गेलेल्या माणसाचं आता कशाला..." वहिनीचा चेहरा लाल झाला. मग म्हणाली, "घे. पूर्ण नाव घे. आणि त्या आजीचंही सांग."

परवा नसरीनचा फोन आला. वर्गात तिने सगळं सांगितलं, नावासकट. मग एका मुलीने विचारलं, "मॅडम, त्यांचं नाव घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच," नसरीन म्हणाली.