यादीवाले मामा

माणसाची किंमत तो कुठल्या कंपनीत कामाला आहे आणि त्या कंपनीचा उलाढालीनुसार देशात कितवा नंबर लागतो, यावरून ठरते असं मनापासून मानणारा प्राणी अख्ख्या कोकणात एकच आहे, आणि दुर्दैवाने तो माझ्या आईचा चुलतभाऊ, म्हणजे माझा मामा आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या पाचशे कंपन्यांची यादी छापणारा एका इंग्रजी मासिकाचा अंक दरवर्षी टपालाने श्रीवर्धनला येतो. मामा तो आंघोळ करून उघडतात, खाकी कागदाचं वेष्टन घालतात आणि पुढचे आठ दिवस मोठ्याने वाचतात. मामी तेवढे दिवस माहेरी जातात.

मामा मुंबईच्या एका कंपनीत तीस वर्षं टंकलेखक होते. ती कंपनी यादीत कशीबशी तीनशेच्या आत होती. पण मामा ‘आम्ही दोनशे अठ्ठ्याण्णव’ असं अशा थाटात सांगत, की वरच्या दोनशे सत्त्याण्णव कंपन्या केवळ मामांच्या रजेच्या दिवसांत पुढे सटकल्या असाव्यात असं वाटावं. नातेवाइकांची ओळख ते नावाने करून देतच नाहीत. ‘हा आमचा एकशे चाळिसावा, आणि ही ह्याची बायको, लग्नाआधी ती ब्याऐंशीत होती,’ असं चारचौघांत बोलतात. माझ्या मावसभावाला मुलगी झाली, त्याच आठवड्यात त्याची कंपनी अकरा जागा घसरली. मामांनी फोन करून सांत्वन केलं. ‘मुलगी झाली ते उत्तमच, पण अकरा म्हणजे फार रे!’ मी इथल्याच शाळेत मास्तर. माझ्याकडे बघून ते नुसता उसासा टाकतात. शाळेला उलाढाल नसते. माझं काही लिहिलेलं दिसलं, की त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तेवढे सुधारतात.

निवृत्त होऊन गावी सुपारीच्या बागेत बसल्यावर या माणसाने पाणी-शेणखत बघावं की नाही? नाही. त्यांनी श्रीवर्धनच्या पहिल्या चाळीस धंद्यांची यादी करायला घेतली. कडक इस्त्रीची पँट, बगलेत फाईल अशा वेषात ते दारोदार फिरू लागले. सुपारीच्या एका बड्या व्यापाऱ्याला वाटलं, करखात्याचा माणूस आला. त्याने पंख्याखाली बसवून सरबत पाजलं आणि आकडा असा सांगितला, की यादीत तो सायकलच्या पंक्चरवाल्याच्याही खाली गेला. बर्फवाल्याने उलट इतकी फुशारकी मारली, की समुद्र गोठवण्याएवढा बर्फ तोच विकतो की काय असं वाटावं. बंदरावर मासे विकणाऱ्या कोळणीला त्यांनी वर्षाची विक्री विचारली, तेव्हा ती कडाडली, ‘मावरं घ्यायचं हाय का न्हाय ते बोल! सकालपासून बोवनी न्हाय, आन् ह्यो वर्साचं इचारतोय!’ मामांनी तिला तेविसावा नंबर दिला. कसा, ते त्यांनाच ठाऊक.

खरा आकडा सांगितला तो एकट्या बेकरीवाल्यांनी. पाव, खारी, नानकटाई सगळं वहीत बघून सांगितलं. अर्थात त्यांचा नंबर आला चाळिसावा.

लाल शाईने सुबक अक्षरात लिहिलेली ती यादी मामांनी वाचनालयाच्या फलकावर लावली. मला हसू आवरेना. मी फोटो काढला, खाली ‘शेवटचा नंबर ओळखा, पाव फूकट!’ अशी ओळ लिहिली आणि तालुक्या-तालुक्यांतल्या मास्तर मित्रांना पाठवून दिली. मामांची फजिती चार लोकांत व्हावी, एवढाच हेतू.

बेकरीवाल्यांच्या रेवतीचं लग्न म्हसळ्याच्या एका दुकानदाराच्या मुलाशी ठरलं होतं. आठवड्याने तिकडून निरोप आला, की जमत नाही. गावात ज्याचा नंबर शेवटचा, त्याच्याशी सोयरीक करून लोकांनी हसायचं का आम्हाला?

मामांना हे बेकरीच्या पायरीवर कळलं. बेकरीवाले चिडले नाहीत. ‘तुम्ही विचारलंत, मी खरं ते सांगितलं,’ एवढंच म्हणाले आणि पाव कागदात बांधू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामा माझ्या दारात. ‘स्कूटर काढ. म्हसळ्याला जायचंय.’

त्या घरी मामांनी चहाला हात लावला नाही. या माणसाला उलाढालीविरुद्ध बोलताना मी प्रथमच ऐकत होतो.

‘अहो, बाकी एकोणचाळीस जण खोटं बोलले,’ मामा म्हणाले. ‘खरं बोलणारा तळाला गेला. उलाढालीवरून घर कळत नाही हो!’

‘पण यादी तुमचीच ना?’ मुलाच्या वडिलांनी मोबाइल पुढे केला. फोटो होता, आणि त्याखाली माझी ओळ. पाठवणाऱ्याचं नाव वाटेत कुठेतरी गळून गेलं होतं. मामांनी मोबाइल लांब धरून सगळं वाचलं. मग एकदा माझ्याकडे पाहिलं.

‘माझीच,’ मामा म्हणाले. ‘सगळी माझीच.’

लग्न काही जुळलं नाही. परतताना घाटात मी स्कूटर थांबवली. ओळ माझी, हे सांगून टाकायचं होतं. आम्ही उतरलो. मामाच म्हणाले, ‘मास्तर, फुकटमधला फु ऱ्हस्व असतो.’ आणि पुन्हा मागे बसले.

त्यांनी यादी काढली, फलकावर लाल शाईनेच माफी लिहिली, मग बेकरीत जाऊन रेवतीसमोर हात जोडले. ‘बरं झालं मामा, आधीच कळलं ते,’ ती म्हणाली. पण हातातला ट्रे तिने फळीवर जरा जोरातच आपटला.

पुढच्या वर्षी रेवतीने स्वतःच पसंत केलेल्या, थळच्या एका मुलाशी लग्न केलं. मामा आले, पण मांडवात शिरेनात. रस्त्यापलीकडे अक्षता मुठीत धरून उभे. ‘तू जा, जेव. मी टाकतो इथूनच,’ म्हणाले. तेवढ्यात बेकरीवाले फेटा सावरत रस्ता ओलांडून आले आणि मामांचा हात धरून त्यांना आत घेऊन गेले. मामांच्या घामेजल्या मुठीत अक्षतांचा लगदा झाला होता.

पंगतीत बेकरीवाल्यांनी मलाही आग्रह करकरून जिलबी वाढली. ती ओळ कुणी लिहिली, हे मामांनी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. मीही नाही.