इथून कोणी ओलांडत नाही

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या यांनाही नाही — आणि यांना तर मी भाजीवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा सांगते. तुम्हाला का सांगतेय? खरंच ठाऊक नाही. रोज सकाळी आठ वाजत आले की माझी छाती धडधडायला लागते. फाटकाची कडी वाजेपर्यंत जिवात जीव नसतो. कडी वाजवणारी वेळेवर यावी म्हणून नाही — ती धड यावी म्हणून.

गेंदाबाई माझ्याकडे कित्येक वर्षं धुणंभांडी करायची. धुळ्यात महामार्गाच्या या बाजूला आमची कॉलनी, पलीकडे तिची भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती. आमच्या बहुतेक घरांतली भांडी घासायला तिकडूनच कोणीतरी येतं. सकाळी येतात, संध्याकाळी जातात, चालत. हे आम्हाला माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

मी सोनगीरच्या शाळेत शिक्षिका होते. नागरिकशास्त्र शिकवायचे — हसा, हसा. बस पलीकडे थांबायची, म्हणून मीसुद्धा पर्स छातीशी धरून हाच रस्ता धावत ओलांडलेला आहे. पुढे स्कूटी घेतली आणि विसरले. सोयीचं तेवढं माणूस बरोबर विसरतं.

रस्ता रुंद व्हायला लागला तेव्हा एक तरुण इंजिनिअर आला. दुभाजकात वाट कुठे ठेवायची, हे त्याला लोकांना विचारायचं होतं. तुमच्या समोर ठेवली तर पट्टे, दिवा, गतिरोधक सगळं करू म्हणाला. नाहीतर लांब, पेट्रोल पंपापाशी. बैठक आमच्या दत्तमंदिराच्या ओसरीत भरली. भिलाटीतल्या कोणालाही बोलावलं नव्हतं. कोणाच्या डोक्यातच आलं नाही — नाही, खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात आलं होतं. मी गप्प बसले. चहाचे कप विसळायला मात्र गेंदाबाईला बरोबर नेलं होतं.

कॉलनीत कुजबुज आधीपासून होती. समोर वाट ठेवली तर ती सगळी वस्ती आपल्या गल्लीतून ये-जा करणार, बकऱ्या येणार, पिऊन येणारे येणार. मलाही अगदी तेच वाटत होतं. त्यांनी आपल्या घरात कामाला यावं, पण आपल्या दारावरून जाऊ नये — असलं काहीतरी मनात असतं. ते मोठ्यानं म्हणायची लाज वाटते, म्हणून आपण बकऱ्यांबद्दल बोलतो.

इंजिनिअरनं विचारलं, इथून पायी जाणारे किती असतील? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाई शिकलेल्या, बाई खरं बोलणार. मी उभी राहिले आणि म्हणाले, "इथून पायी कोणीच ओलांडत नाही."

एवढंच. त्यानं मान डोलावली. नंतर शेजारपाजारचे म्हणाले, बाई, बरं झालं तुम्ही बोललात. मला बरंही वाटलं.

दुभाजक सलग बांधला गेला. पंपापर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे केवढा वळसा, म्हणून बायका साडी खोचून दुभाजकाच्या कठड्यावरून चढून येऊ लागल्या. गेंदाबाईला उशीर झाला की मी कुरकुर करायचे. मी! एकदा तिनंच विचारलं, अक्का, तुमचा शब्द चालतो, मधे थोडी वाट करून द्या म्हणून सांगा ना कोणाला. सांगते म्हणाले. पुढे तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा सांगितलं म्हणाले. कोणाला सांगणार होते मी?

मग एका सकाळी कठड्यावरून उतरताना टेम्पोनं तिला उडवलं. पायात सळई घालावी लागली. मी दवाखान्यात मोसंबी घेऊन गेले, तिच्या सुनेसमोर त्या टेम्पोवाल्याला शिव्या घातल्या. घरी येताना पहिला विचार काय आला, तेही सांगते. तिला कळलं तर? — हा. तिच्या पायाचा विचार नंतर आला.

ती परत कामाला आली, लंगडत. तेव्हापासून सकाळची ही धडधड. कडी वाजली की वाटायचं, आजच्यापुरती सुटले.

गेल्या महिन्यात भांडी पालथी घालून तिनं पदराला हात पुसले आणि उंबऱ्याशी थांबली. "अक्का, उद्यापाईन मन्ही सून ई. मन्हा पाय आते चालत नही. तिले दिन मावळाना आधी सोडत जा." मी हो म्हणाले. तिनं चपला घातल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही म्हणनात ना त्या दिन, आठून कोनीच जात नही. मी नळवरच व्हतू."

माझंच वाक्य, तिच्या अहिराणीत. नळ देवळाच्या ओसरीला लागूनच आहे. म्हणजे तिनं मला शब्द टाकायला सांगितलं, तेव्हा तिला सगळं माहीत होतं. दोन्ही वेळा माहीत होतं. आणि मी तिच्या तोंडावर "सांगितलं" म्हणाले — ती "बरं" म्हणून भांडी घासायला बसली होती. मला ते "बरं" अजून ऐकू येतं.

आता सून येते. आज कडी वाजेना, म्हणून मी गच्चीवर गेले. ती पोरगी कठड्यावर बसलेली दिसली, एक पाय अलीकडे, एक पलीकडे, गाड्यांत फट पडायची वाट बघत. ती उतरली, धावली, आणि मी खाली येईपर्यंत कडी वाजली. दार उघडलं. ती धापा टाकत होती.

मी म्हणाले, "आज उशीर केलास."